राजकन्येच्या सोबतीला

अबुधाबीतल्या आमच्या हॉटेलात राजकन्या येणार म्हटल्यावर माझ्या मुलीने विचारलं, "मम्मा, विल शी वेअर अ क्राऊन?" आल्या त्या पासष्टीच्या, रुंद खांद्यांच्या, पायात रबरी चपला घातलेल्या. युरोपातल्या कुठल्याशा राजघराण्यातल्या. तरुणपणी देशासाठी शर्यतीत पोहलेल्या, आणि अजूनही सकाळी तासभर समुद्रात पोहल्याशिवाय नाश्त्याला हात न लावणाऱ्या. किनाऱ्यावरचे लाइफगार्ड पाण्यात हद्दीसाठी बांधलेल्या दोरीपर्यंतच लक्ष ठेवत. बाईंना दोरीपलीकडे जायचं होतं, आणि सोबतीला बाईमाणूसच हवं होतं.

मॅनेजरने मला बोलावलं. "तुम तो वसई की हो ना? समुंदरवाले लोग. स्विमिंग आता ही होगा."

मी हो म्हणून मोकळी झाले. नोकरीच्या मुलाखतीतही हेच विचारलं होतं आणि तेव्हाही मी हो म्हटलं होतं. इथे सगळ्यांना वसई म्हणजे नुसता कोळीवाडा वाटतो. आमची केळीची बाग. पाणी म्हणजे विहीर, आणि तिच्यात नुसतं डोकावलं तरी आई धपाटा घालायची.

चार दिवस कसेबसे निभावले. बाई पोहत, आणि मी लाइफ जॅकेट आवळून प्लास्टिकच्या छोट्या होडीत त्यांच्यामागे वल्हं मारत असे. जीव मुठीत असायचा. लाट आली की जॅकेटचा पट्टा पुन्हा तपासायचे आणि प्रार्थना पुटपुटायचे. घरी नवरा रोज म्हणायचा, "सांगून टाक ना एकदाचं. खलास." पण खोटं बोलल्याबद्दल काढून टाकतील, ही भीती बुडण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तसं चाललं होतं माझं.

पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, "आज होडी नको. तू पाण्यात माझ्या शेजारीच राहा."

गेले. पायाखालची वाळू उतरत गेली, पाणी छातीशी आलं आणि माझे दात वाजायला लागले. पाणी चांगलं कोमट होतं.

"मला पोहता येत नाही," मी म्हटलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. डावा खांदा दाबून धरत म्हणाल्या, "हा हात पोहताना मध्येच बधिर होतो. डॉक्टरांनी समुद्रात जायला बंदी केली आहे. तू मागे आहेस म्हणून मी एवढ्या लांब जात होते."

ते चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर आले. त्या बुडाल्या असत्या आणि मी होडीत बसून बघत राहिले असते.

"माझ्या सेक्रेटरीला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "पोहणं गेलं तर माझ्याकडे काही उरत नाही."

मी मान डोलावली. पण मी घाबरट आहे. केस वाळायच्या आत मी सेक्रेटरीला सगळं सांगून टाकलं. म्हणजे खांद्याचं. माझं नाही. बाईंचा जीव वाचला, असं मी अजूनही स्वतःला सांगते, आणि ते खरंही आहे.

उरलेले दिवस बाई बाल्कनीत खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसायच्या. जायच्या दिवशी लॉबीत मी मॅनेजरच्या शेजारी उभी होते. त्याने बाईंना अदबीने विचारलं, "आमची सोबतीण पोहायला बरी होती ना?"

"उत्तम," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसल्या.