पाण्यातला बाळकृष्ण

देवावर माझा विश्वास नाही असं मी कधी म्हटलं नाही. विश्वास होता म्हणून तर आठ वर्षं त्याच्याशी अबोला धरता आला. नसलेल्या माणसावर कुणी रुसतं का? आता साठी जवळ आली आहे. डोंबिवलीच्या ह्या दोन खोल्यांत मी एकटीच असते, आणि दुपारी तांदूळ निवडायला बसलं की आयुष्याची दहा-दहा वर्षं डोळ्यांपुढून जातात. त्या प्रत्येक दशकात तळहातात मावेल एवढा एक पितळेचा बाळकृष्ण आहे. त्याचीच ही हकीकत.

पहिली दहा वर्षं कोकणात, माहेरी गेली. त्यांतलं फार काही आठवत नाही. दहाव्या वर्षी लग्न झालं आणि निघताना आईनं माझ्या ओच्यात अन्नपूर्णा आणि हा रांगता बाळकृष्ण घातला. "ह्याला जप हो, लेकरू आहे," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, खेळायला बाहुली दिली. दुसरं दशक ठाण्याला, तळ्याजवळच्या बिऱ्हाडात, सासूबाईंच्या धाकात गेलं. दिवसभर तोंड मिटून असायची, पण सकाळी त्याला न्हाऊ घालून पुसताना मी त्याच्याशी हळूच बोलून घ्यायची. तिसऱ्या दशकात दोन मुलं झाली नि गेली. एक सहा महिन्यांचं, दुसऱ्याचं तर बारसंही झालं नव्हतं. तेव्हाही मी त्याच्यावर चिडले नाही. मग सुशी झाली, आणि ती जगली.

चौथं दशक सुखाचं. आम्ही डोंबिवलीला आलो तेव्हा घराच्या मागं भातखाचरं होती आणि परड्यात आमची स्वतःची विहीर. सुशी ओसरीवर मोठमोठ्यानं कविता पाठ करायची आणि हे कचेरीतून आले की तिच्या चुका काढत बसायचे. पुन्हा जगायला कुणी दहा वर्षं दिली, तर मी तीच मागून घेईन.

सुशी मॅट्रिक झाली, शाळेत शिकवायला लागली, लग्न ठरलं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी तिला विषमज्वर झाला. डॉक्टर म्हणाले, एकवीस दिवस काढायला हवेत. दहाव्या दिवशी ती बरळायला लागली, तेव्हा मी देव पाण्यात ठेवला. आपल्या बायका ठेवतात तसाच. संकट टळलं की देवाला बाहेर काढायचं, पूजा करायची, गोडाधोडाचा नैवेद्य दाखवायचा. तांब्याच्या तपेल्यात बाळकृष्णाला बुडवून मी त्याला बजावलं, "माझी सुशी उठून बसली की तुला बाहेर काढीन. तोवर बस तिथेच."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई, पाणी दे गं." मी भांडं घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं.

दिवसवार झाल्यावर ह्यांनी विचारलं, "देवाला काढायचं ना गं आता?"

"कशाला?" मी म्हटलं. "सुशी उठली का? मी माझा शब्द पाळणार."

बाकीच्या देवांची पूजा हे रोज करत. तपेलं देवघराच्या खालच्या कोनाड्यात फडकं झाकून राहिलं. मी तिकडे फिरकायची नाही. पण वर्ष-सहा महिन्यांनी जळमटं काढताना फडकं उचललं जायचं, आणि बघते तो काय, पाणी काठोकाठ! पाणी आटायला नको? वर्षं गेली तरी पाणी तेवढंच. मनात यायचं, हा चमत्कार म्हणायचा की काय. आणि मग तर माझं डोकंच फिरायचं. मेल्या, चमत्कार येत होते तर त्या सकाळी तुझे हात कुणी धरले होते? असं मी त्याला तोंडावर बोलले आहे. आज सांगताना लाज वाटते.

आठ वर्षांनी, माघात, ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. शेजारणी म्हणाल्या, "वहिनी, देव पाण्यात ठेवा." मला कडवट हसू आलं. ठेवायला माझा देव होता कुठे? तो आधीपासूनच पाण्यात होता.

रोज सकाळी हे डाव्या हातानं कसली तरी खूण करत. पाणी दिलं तर तोंड फिरवत. पोथी नेली, गंध नेलं, औषधाची बाटली नेली, नाहीच. मग डोळ्यांतून पाणी काढत. असा महिना गेला, चैत्र लागला. एका सकाळी मी कंटाळून त्यांच्या बोटाच्या रोखानं सरळ चालत गेले, ती देवघराशी पोहोचले. उभी राहिले, तर बोट आणखी खाली. मी फडकं उचललं. पाणी तळाला गेलं होतं. बाळकृष्ण अर्धा उघडा, अंगावर हिरवट डाग.

तेव्हा मला कळलं. रोज पूजेच्या वेळी हेच तपेल्यात ताजं पाणी घालत होते. आठ वर्षं. माझा हट्ट मोडायला नको आणि लेकरूही कोरडं पडायला नको, म्हणून. कधी एका शब्दानं बोलले नाहीत. आता हात चालेना, म्हणून मला सांगत होते. सुशी त्यांचीही होती, हे आठ वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं.

तपेलं भरून आणावं म्हणून मी मागच्या दारी विहिरीवर गेले. तेवढ्यात मिठागरातली एक मीठवाली टोपली घेऊन आली. दिवा गावाकडची असावी. नेहमीची नव्हती.

"मीठ घेतंस का गो बाय?" म्हणत ती तपेल्यात वाकली. "आगो, देव पान्यान?"

कोण कुठली बाई, पण मी तिला सगळं सांगितलं. सुशीचं, ह्यांचं, माझ्या शब्दाचं. तिनं टोपली खाली ठेवली.

"माजा पोर खाडीन गेला," ती म्हणाली. "तिसऱ्या दिशी गावला. पान्यान पोर कसा थंड होतंय, ता मना इचार." आणि मला काही कळायच्या आत तिनं तपेल्यात हात घातला. "एवरासा पोर! आठ वरसं पान्यान ठेवतान का गो कुनी?"

अगं, शिवू नकोस, सोवळ्यातला आहे, हे शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते. पण ती लुगड्याच्या पदरानं त्याला पुसत होती. मिठानं चिरलेल्या बोटांनी गळ्याखाली, काखेत, दुमडलेल्या गुडघ्याच्या खोबणीत, न्हाल्यावर लेकराला पुसतात तसं. मग तिनं तो माझ्या हातात दिला. "घे, जवल घे त्याला."

मी पायरीवर बसले आणि रडले. सुशी गेल्यापासून मी रागावले होते, रडले नव्हते. आईनं मला लेकरू जपायला दिलं होतं आणि मी त्याला ओलीस धरलं होतं. माझी मुलगी त्यानं का नेली, हे मला अजूनही कळलेलं नाही. पण त्या पायरीवर मी विचारायचं थांबले.

बाळकृष्ण नेऊन मी ह्यांच्या डाव्या हातात ठेवला. त्यांनी तो पाहिला, मूठ मिटली आणि माझ्याकडे बघत राहिले. ह्यांना बरं कर, असं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं नाही. सौदा एकदा करून झाला होता. नवव्या दिवशी हे गेले. जाताना चेहरा शांत होता, आणि मी जवळ होते. त्यासाठी मी देवाची ऋणी आहे.

ही हकीकत ऐकून बायका म्हणतात, ती मीठवाली साक्षात देवी असणार. असेल बाई. पण पावसाळ्याची बेगमी द्यायला ती मृगाआधी पुन्हा आली, आणि मापावरून माझ्याशी चांगली कडाकडा भांडली. मीठ ओतून झालं, टोपली डोक्यावर चढली, आणि जाता जाता ती वळली.

"पोर सुका हाय ना गो?"

मी आत गेले, देवघरातून बाळकृष्ण उचलला आणि तिच्या हातात दिला. तिनं टोपली उतरवली. गुडघ्याच्या खोबणीत बोट घालून पाहिलं, त्याला पदराखाली घेतलं, आणि टोपली पुन्हा डोक्यावर चढवून वाट धरली. मी परत मागितला नाही.