तळाची मूठ

वंदना कुठेही गेली की आधी वाकून मूठभर माती उचलायची. दाबून तिचा गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडायचा. गोळा फुटला तर वाफसा आला, खुशाल पेरा. नाही फुटला तर थांबा. वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्याच्या वावरात वडिलांनी शिकवलेली ही परीक्षा. आमच्या समुद्र संशोधन संस्थेत रुजू झाली त्या दिवशी तिनं ती संचालकांच्या कुंडीवर केली. "साहेब, लय पानी पाजता तुमी. मुळ्या सडतीन," असं त्यांना तोंडावर सांगून मोकळी झाली.

मीही त्याच दिवशी रुजू झालो होतो. मी कोकणातला, मासेमारी होडीच्या तांडेलाचा मुलगा. पंचविशीपर्यंत समुद्र न पाहिलेली ही बाई समुद्रजीवांचा अभ्यास करणार, याचं मला भारी हसू आलं होतं. ओहोटीला आम्ही खाडीत उतरलो, तेव्हा वाट दाखवायला मी ऐटीत पुढे झालो आणि गुडघाभर रुतलो. ती काळ्या रानात वाढलेली, पाय कुठे टाकायचा ते तिला बरोबर कळत होतं. मला ओढून काढता काढता म्हणाली, "काहून घाई करून राह्यला, तांडेल? चिखल घाईवाल्यालेच धरते." तेव्हापासून मी तिच्या मागून चालायला शिकलो.

तिचा विषय गाळातले किडे. "मासा समद्याले दिसते, पन मासा जगते कायच्या भरवशावर, ते कोनी इचारत नाही," असं ती म्हणायची. खारफुटीच्या चिखलात तिनं वर्षं काढली. दर रविवारी गावाहून आबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा फोन यायचा आणि प्रश्न ठरलेला असायचा. "काय पिकते वं तुह्या त्या गाळात?" ती म्हणायची, "पाहून राह्यली, आबा." फोन ठेवल्यावर मात्र रविवार असूनही पुन्हा चाळणी घेऊन बसायची.

मग खोल समुद्राची मोहीम आली. तिची नेमणूक मुदतीची होती. या मोहिमेत काही नवं हाती लागलं नाही तर ती संपणार आणि वंदना कायमची घरी जाणार, हे जहाजावर सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही लोखंडी पेटी तळाशी सोडायचो आणि ती गाळ भरून वर यायची. वरचा वीतभर गाळ चाळून तपासायचा, खालचा समुद्रात टाकायचा, कारण तेवढ्या खाली काही जगत नाही, असं आमच्या प्रमुखांचं ठाम मत. तीन आठवडे चाळून झालं, नवं काही मिळालं नाही.

शेवटची पेटी वर आली. खालचा गाळ टाकायला टबात काढला होता. वंदनानं सवयीनं त्यात हात घातला, मूठ दाबली आणि गोळा डेकवर सोडला.

"अहो बाई, हे काय शेत आहे?" प्रमुख ओरडले.

गोळा दुभंगला होता. आत एक गुळगुळीत, सरळ नळी दिसत होती, गव्हाच्या काडीएवढी. वंदना खाली बसली. "हे बीळ हाये, सर. कोनीतरी राहून राह्यलं यात."

"काही नाही, चीर पडलीये. टाका तो गाळ."

ती टबासमोर उभी राहिली. चिडली की तिची वऱ्हाडी बांध फोडून यायची. "आमच्या वावरात गांडुळाचं बीळ मी डोळे मिटून ओळखते! टाकाचं असन तं आधी मले टाका समुद्रात!"

कोणी टाकलं नाही. दोन दिवस ती तो टब चाळत होती आणि मी पाणी ओतत होतो. शेवटच्या चाळणीत नखाएवढा पांढरा किडा वळवळला. मी एवढ्या जोरात ओरडलो की स्वयंपाकीसुद्धा धावत आला. प्रमुखांनी सूक्ष्मदर्शकातून खूप वेळ पाहिलं, मग चष्मा पुसत म्हणाले, "वंदनाबाई, पुढच्या मोहिमेच्या यादीत तुमचं नाव मी स्वतः लिहितो."

पुढे तज्ज्ञांनीही मान्य केलं, हा जीव आजवर कुणालाच माहीत नव्हता. नाव द्यायचा मान तिचा होता. तिनं गावाचं नाव दिलं. आज ती आमची विभागप्रमुख आहे, आणि आमच्या जहाजावर खालच्या गाळाची मूठ दाबून पाहिल्याशिवाय तो कोणी टाकत नाही.

कार्तिकात जऊळक्याच्या शाळेत तिचा सत्कार झाला, तेव्हा मीही गेलो होतो. आबांनी किड्याची बाटली उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली आणि माईकवर म्हणाले, "एवढुसा किडा! अन् नाव देल्लं तं गावाचं देल्लं, बापाचं नाही!" लोक खो खो हसले.

वंदना हसली नाही. तिनं त्यांचा हात धरला. "आबा, मूठ तुमचीच होती."

आबांनी माईक बाजूला ठेवला आणि डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

संध्याकाळी आबा आम्हाला वावरात घेऊन गेले. हरभरा पेरायचा होता. मी वाकून मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. गोळा भुसभुशीत फुटला. वंदनानं आबांकडे पाहिलं.

"शिकला गड्या, समुद्रवाला," आबा म्हणाले. "उद्या पेरू."