माझं उजवं कोपर

"एकच धर, त्यातच नाव काढ" असं कोणी म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. आठवीपर्यंत नाचणगावात मी सगळं खेळायची. खो-खो, कबड्डी, सुट्टीत पोहणं, पोरांमध्ये घुसून क्रिकेट. बेसबॉल आमच्या खेळाच्या सरांनी शाळेत आणला. पहिल्याच दिवशी चेंडू फेकणाऱ्या पिचरची नजर चुकवून मी पुढच्या बेसच्या गादीवर सूर मारला, तर सर बघतच राहिले. अहो, खो-खोत खांब धरायला सूर मारणाऱ्या पोरीला हे काय वेगळं शिकवायचं?

माझ्या बाबांना मात्र त्यात खेळ दिसलाच नाही, प्रमाणपत्र दिसलं. आमच्याकडे ही रीतच आहे. ज्या खेळाला जिल्ह्यात संघ कमी, तो पोरीला धरायला लावायचा. मग ती लवकर राज्य स्पर्धेला जाते, दहावीला खेळाचे मार्क मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंचा कोटा. खो-खोत गर्दी फार. बाबांनी सरांना भेटून मला पिचर करवून घेतलं आणि बाकी सगळं बंद केलं. खो-खोत पाय मोडला तर राज्याचं कसं होणार, म्हणे. आई मध्ये पडली, तर तिलाच गप्प बसवलं.

मग वर्षभर नुसतं फेकणं. दिवाळीच्या सुट्टीत तेच, वैशाखाच्या उन्हातही तेच. मैदानाच्या एका टोकाला माझ्या मैत्रिणी खो-खो खेळायच्या आणि मी दुसऱ्या टोकाला भिंतीवरच्या खडूच्या चौकोनात चेंडू मारत उभी. असा संताप यायचा की तो चेंडू सरांच्या स्कूटरवर हाणावा. पाय जड झाले, कोपर ठणकायला लागलं. सर म्हणाले, सवय होईल. बाबांनी बाम चोळून पट्टी बांधली. फारच दुखतं म्हटलं तर मी नाटकी ठरले.

निवड चाचणी तोंडावर आली आणि हात सरळच होईना. तेव्हा कुठे बाबांनी वर्ध्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी विचारलं, पोरगी आणखी काय काय खेळते?

बाबा कौतुकानं म्हणाले, "दुसरं काईच नाई. वर्षभर हेच करून राह्यली."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले.

वाढीच्या वयातलं कोवळं हाड, त्याच जागी रोज तोच ताण. चार खेळ आलटूनपालटून खेळली असती तर हाताला विसावा मिळाला असता, असं त्यांनी समजावून सांगितलं. आता बरेच महिने चेंडू फेकायचा नाही. कोपर पुन्हा पूर्ण सरळ होईल याची त्यांनी खात्री दिली नाही.

मला वाटलं, आता तरी बाबा माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं, माझ्या दुसऱ्या हाताकडे.

"डॉक्टरसाहेब, हा डावा तं चांगला हाय ना?"

डॉक्टर काही बोलायच्या आत मी तो हात पाठीमागे नेला.

"हा माहा हाय, बाबा," मी म्हटलं. "हा मी देत नाई."