पालथेसर

सरांकडे पाहुण्याने चहा संपवून कप खाली ठेवला, की सर तो उचलून पालथा करून बघायचे. कुठे बनला, कुणी बनवला, शिक्का कुठला. स्वतःसाठी मुलगी बघायला गेले तिथेही त्यांनी बशी पालथी केली म्हणतात. तरी लग्न ठरलं हे नशीबच! सांगलीच्या आमच्या कॉलेजात सगळे त्यांना 'पालथेसर' म्हणायचे, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

नोकरी पदार्थविज्ञान शिकवण्याची, पण जीव त्याच्या इतिहासात. सिद्धांत कुणी मांडला हे पुस्तकात असतंच. यंत्र कुणी घडवलं, बिघडल्यावर कुणाच्या हाताने सुधारलं, हे सर शोधत. प्रयोगशाळेच्या भंगारातून वाचवलेल्या तराजूंवर आणि भिंगांवर त्यांनी लिहिलेले लेख परदेशात वाचले जात. तिकडचे प्राध्यापक पत्ता विचारत कुंडलला त्यांच्या घरी येत. माझा पहिला निबंध मात्र त्यांनी एका वाक्यात परत केला, "पालथं करून बघितलंस का?" पालथ्या घड्यावर पाणी, अशी पलूसच्या शाळेपासून माझी ख्याती. सरांनी तेवढा एकच घडा सुलटा केला.

त्यांच्या नव्या पुस्तकातलं सगळ्यात लाडकं प्रकरण होतं कुंडलच्या एका मिस्त्रींवर. माधवनगरच्या गिरणीत काम करणाऱ्या या मिस्त्रींनी आमच्या कॉलेजातला हवा उपसायचा पितळी पंप घडवला, असं सरांनी लिहिलं होतं. पुस्तक छापायला जाण्याआधीच गावाने सरांचा सत्कार ठरवला, फ्लेक्स लागले. पंप मांडवात न्यायचा म्हणून आदल्या दिवशी आम्ही दोघं तो कपाटातून उतरवत होतो. आडवा करताच बुडाच्या रंगाचा पोपडा सुटला आणि खाली विलायती कारखान्याचा शिक्का दिसला.

सरांनी वाकून शिक्का वाचला. जन्मभर लोकांच्या बशा पालथ्या केल्या, हा पंप तेवढा राहिला होता.

"आवडत होती रे मला ती गोष्ट," एवढंच म्हणाले.

"परत रंग देऊ, सर. कोण बघतंय?" मी म्हटलं. ते बोलणं आठवलं की आजही मान खाली जाते.

"मी बघितलं ना."

दुसऱ्या दिवशी सर मांडवात उभे राहिले आणि गावच्या बोलीत म्हणाले, "पंप मिस्त्रींनी घडवला न्हाई. माझं चुकलं. पर बुडाशी चिरा बुजवायला मारलेले डाख दिसत्यात, ते मिस्त्रींचे; कॉलेजच्या दुरुस्तीच्या वहीत त्यांचं नाव हाय. घडवणारा विकून मोकळा झाला. चालू कुणी ठिवला? आता त्येच लिवणार."

मिस्त्रींचे चिरंजीव आप्पा, सरांचे शेताशेजारी, ताडकन उठले. "आवं सर, माज्या बापाला तुमीच चढिवलं आन् तुमीच उतरिवलं व्हय?" आणि चालते झाले. त्या दिवसापासून बांधावरचं बोलणं बंद. सरांना ते फार लागलं, पण नव्या प्रकरणातली एक ओळ त्यांनी बदलली नाही. मला सरांचा खरा अभिमान वाटला तो त्या दिवशी. परदेशी लेख त्यापुढे काहीच नाहीत.

गेल्या वर्षी सर गेले. तेरावं झाल्यावर आप्पा नातीला घेऊन कॉलेजात आले. पिशवीत सरांचं पुस्तक, पानं हाताळून मऊ झालेली. मी आता सरांच्याच जागी शिकवतो. पंप टेबलावर ठेवून मी पोरीला माहिती सांगायला लागलो, तर आप्पांनी मला अडवलं.

"आदी पालथा करा की. न्हाईतर तुमचे सर काय म्हणतील?"

आम्ही दोघांनी मिळून पंप उलटा केला. आप्पांनी नातीचं बोट धरून शिक्क्यावर ठेवलं. "ह्यो सायबाचा." मग सरकवून डाखावर आणलं. "आन् ह्यो तुज्या पणज्याचा. सरांनी लिवलंय म्हंजे खरं हाय."