बसरी उस्तादाची रांग

बसरीला मी पहिल्यांदा पाहिलं ते नगरपालिकेच्या जिन्यात. मी रांगेत होतो, तो माझ्यामागे येऊन उभा राहिला. काखेत पाव, अंगात बल्गेरियातल्या कर्जालीकडची ती जाड करडी बंडी. अर्धा तास मुकाट्याने उभा राहून मग त्याने माझ्या खांद्यावर बोट टेकवलं.

"भाऊ, इथं काय मिळतंय?"

मी वळून बघितलं. "म्हणजे? तुला माहीत नाही?"

"नाही. रांग दिसली, उभा राहिलो."

मी कादिर. तुर्कस्तानात, बुर्साच्या कारखानपेठेत एकवीस वर्षं चहा पाजतोय, नाना तऱ्हेची माणसं बघितलीत. पण काय मिळतंय हे न विचारता रांगेत उभा राहणारा हा पहिलाच. नंतर कळलं की ते सगळे तसेच. बल्गेरियातून एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तिकडच्या तुर्कांचे जे लोंढे आले, त्यांची तिकडची सवय ती. तिकडे दुकानासमोर रांग लागली की आधी उभं राहायचं, चौकशी मागाहून. साबण असो, बूट असोत, लिंबं असोत. विचारत बसलात तर तेवढ्यात चार माणसं पुढे घुसणार. जित्याची खोड म्हणतात ती अशी. एकदा तर हा बाबा मशिदीच्या अंगणात रांग बघून मयताच्या भावाशेजारी जाऊन उभा राहिला, आणि चाळीसेक माणसांनी त्याचा हात हातात घेऊन त्याचं सांत्वन केलं. "मध्येच निघून कसं जाणार?" तो मला म्हणाला. "माणसं रडत होती. मग मीही रडलो."

तर त्या दिवशीची रांग होती नव्या कारखानपेठेतल्या गाळ्यांसाठी. अर्ज द्यायचा शेवटचा दिवस. मला चहाची टपरी हवी होती. बसरी तेव्हा दुसऱ्याच्या गॅरेजात राबत होता. तिकडे सरकारी शेतावर सतरा वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस, आणि इथला मालक त्याला फक्त चाकं काढायला लावायचा.

"गाळे?" तो म्हणाला. "स्वतःचे? माणूस स्वतः मालक?"

"नाही, सुलतान मालक," मी म्हणालो. "अर्थात स्वतःचे!"

खिडकीशी त्याची पाळी आली. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "नाव?"

बसरी काखेतला पाव चाचपत राहिला. मागची माणसं कुरकुरायला लागली. कारकुनाने पुन्हा विचारलं. बसरी काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला हो, इथं काय गुपित आहे?"

तेव्हा तो असा ओरडला, "बसरी!", की अख्खं दालन दचकून बघायला लागलं. मला हसू आलं. आता त्या हसण्याची लाज वाटते. त्याच्या पाच वर्षं आधी तिकडे अशाच एका टेबलासमोर त्याला उभं केलं होतं. मागे बंदूकवाले, पुढे बल्गेरियन नावांची यादी. यातलं एक निवड, आजपासून तुझं नाव हे. तो बोरिस झाला, बायको नेफियेची नादेज्दा झाली, आणि गावच्या कबरस्तानात त्याच्या बापाच्या दगडावरचं नाव छिन्नीने उडवलं गेलं. पुढे एक दिवस पासपोर्ट हातात दिला आणि सांगितलं, चालते व्हा. गाडीच्या टपावर चूल बांधून ही मंडळी सरहद्द ओलांडून आली.

सोडत निघाली. त्याला एकतिसावा गाळा मिळाला, माझ्या टपरीच्या अगदी समोर. अट एकच होती: वसंतात तपासनीस येईल, तोवर धंदा चालू दिसला नाही तर गाळा परत.

सगळं झालं, पाटी काही होईना. बसरीने नुसतं "गाडी दुरुस्ती" असं लिहून टाकलं. आता आमच्या पेठेत "गाडी दुरुस्ती" लिहिलेली चाळीस दारं. मी म्हणालो, "अरे, नाव लिही."

"कागदावर आहे की," तो म्हणाला. "कागद खणात राहतो, कादिरभाऊ. भिंतीवरचं नाव कोणीही वाचतं. उद्या कोणी यादी घेऊन आलं तर?"

"इथं कोण येणार यादी घेऊन?"

"तिकडेही आम्ही असंच म्हणायचो."

दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्याला काय बोलणार? चहा प्यायला, बशीतले साखरेचे दोन खडे नेहमीसारखे खिशात टाकले आणि गेला. साखरेचा मला राग यायचा. बिनसाखरेचा पितोस तर खडे कशाला पळवतोस? पण तो म्हणायचा, असावेत जवळ.

हिवाळा आला. गिऱ्हाईक नाही. बसरी रोज गाळा झाडायचा, नट-बोल्टचे पाने पुसून आकारमानाने टांगायचा, आणि दारात उभा राहायचा. नेफिये दुपारी भाजलेल्या मिरच्या आणि चीज भरलेलं बोरेक घेऊन यायची आणि रिकामा गाळा बघून तोंड फिरवायची. वसंताला दोन महिने उरले होते.

मग मिनीबसवाल्या जेमालच्या गाडीचा पाण्याचा पंप गेला. पंपाचा भाग बाजारात नव्हता, कुठल्याच गॅरेजात नव्हता. सगळे म्हणाले, तीन आठवडे थांब. जेमाल शिव्या घालत माझ्याकडे चहाला आला, मी त्याला समोर पाठवला. बसरीने पंप उघडला आणि त्याचा चेहरा उजळला. वस्तू न मिळणं हे तर त्याचं माहेर! त्याने पितळेचा एक जुना नळ शोधून काढला, लेथवर चढवला, आणि दुपारच्या नमाजापर्यंत भाग तयार.

जेमालने गाडी सुरू केली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "बल्गार, तू जादूगार आहेस!"

बसरीचा हात थांबला. "तिकडे तुर्क म्हणून हाकललं, इकडे बल्गार म्हणता. एकदा काय ते ठरवा बाबा."

जेमाल ओशाळला. "चुकलो, उस्ताद. नाव काय तुझं?"

हळूच उत्तर आलं, "बसरी."

जेमालच्या तोंडाला कुलूप नाही. आठवड्यात शहरभर झालं. त्या हिवाळ्यात सगळ्याच मिनीबसना तो भाग हवा होता. ड्रायव्हर पेठेत यायचे, "बसरी उस्ताद कुठे?" म्हणून दारं वाचत फिरायचे, आणि शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या कोणाच्या तरी गळाला लागायचे. तो आयत्या बिळावरचा नागोबा छातीवर हात ठेवून सांगायचा, "मीच!" वर वाईट काम करून बसरीचं नाव खराब करायचा.

हे कळलं तेव्हा नेफिये शिडी आणि रंगाचा डबा घेऊनच आली. सरळ शिडीवर चढली.

"सांग, काय लिहू?"

"नेफिये, खाली उतर. लोक बघतायत."

"बघू देत. तिकडे सरकारने तुझं नाव काढलं, इथं तू स्वतःच पुसतोयस. मग बोरिसच लिहिते. बोरिस चालेल ना? त्याला कोणी हात लावणार नाही."

मी हातात तबक घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा. बसरीच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसली.

"दे इकडे," तो म्हणाला.

त्याने स्वतः लिहिलं. अक्षरं डावीकडे एवढी मोठी काढली की "उस्ताद" शेवटी चिमटीत बसवावा लागला. मग रस्त्यात उभा राहून त्याने ते कितीदा वाचलं कोण जाणे. त्याला दिलेला चहा गार झाला. तो मी बदलूनही दिला, जे मी सहसा करत नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी सकाळी टपरी उघडली तर एकतिसाव्या गाळ्यासमोर कोपऱ्यापर्यंत मिनीबस लागलेल्या. ड्रायव्हर एकामागोमाग एक उभे, पाय आपटत, हातांवर फुंकर घालत. मी चहाचा समोवर भरभरून दमलो. तेवढ्यात कोपऱ्यावरून बसरी आला, काखेत पाव. रांग दिसली, आणि शेवटच्या माणसामागे जाऊन उभा राहिला.

मी हाक मारणार होतो. मारली नाही.

थोड्या वेळाने त्याने पुढच्याच्या खांद्यावर बोट टेकवलं. "भाऊ, इथं काय मिळतंय?"

तो ड्रायव्हर त्याला ओळखत नव्हता. "नवीन दिसतोस. बसरी उस्तादाची वाट बघतोय. उशिरा येतो वाटतं, पण काम पक्कं करतो म्हणतात."

बसरीने मान वर करून पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "असं? मग थांबतो."

आणि खरंच थांबला! शेवटी बंद दारापाशी डबा घेऊन उभी असलेली नेफिये ओरडली, "बसरी! किल्ली तुझ्या खिशात आहे!"

अख्खी रांग मागे वळली आणि हसत सुटली. बसरीने खिशात हात घातला. साखरेचे चार खडे आले, मग किल्ली आली. खडे त्याने पुढच्या ड्रायव्हरच्या हातावर ठेवले आणि निघाला. प्रत्येकाला "माफ करा, माफ करा" म्हणत, लाजेने लालबुंद होत, जन्मात पहिल्यांदा तो रांग मोडून पुढे जात होता.