मुलाणीकाकूंची यादी

रोज सकाळी नऊ वाजता मुलाणीकाकू एकामागून एक बावीस फोन करायच्या. "नमस्कार, रझिया बोलतेय. आज जागा आहे का?" एवढंच विचारायच्या आणि वहीत पेन्सिलनं खूण करायच्या. पेन का नाही, असं मी एकदा विचारलं. "पेननं लिहिलेलं बदलायचा माणूस कंटाळा करतो," त्या म्हणाल्या.

ती बावीस घरं दिल्लीतल्या मराठी कुटुंबांची होती. महाराष्ट्रातून इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्यांना ही मंडळी आपली एखादी खोली चार-आठ दिवस देत. काकू मूळच्या सोलापूरच्या. केंद्र सरकारच्या एका खात्यात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या, दिल्लीच्या द्वारका भागात एकट्या राहणाऱ्या. नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी रुग्णालयाबाहेर फुटपाथवर झोपलेली आपली माणसं पाहिली होती, तेव्हापासून ही यादी सुरू झाली. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी दिल्लीत आले, तेव्हा मुनिरक्यातली माझी खोलीही त्यांनीच शोधून दिली. त्यामुळे त्यांनी "बेटा, या यादीची वेबसाइट करता येईल का?" असं विचारलं, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "यातली माहिती मला बदलता येईल?"

मी त्यांना समजावलं, की त्यासाठी सीएमएस बसवावी लागते. म्हणजे कोड न लिहिता, नाव-पासवर्ड टाकून आपणच मजकूर बदलायची सोय. पण ती अपडेट करत राहावी लागते, नाही केली तर कोणी बाहेरचा आत शिरू शकतो. आपली तर सहाच पानं. थेट कोडमध्ये लिहिलेली साधी पानं गावाकडच्या फोनवरही पटकन उघडतील. हे सगळं खरंच होतं. पण मनातलं कारण वेगळं होतं. स्वतः लिहिलेल्या कोडचा मला अभिमान होता आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावू नये, असं वाटत होतं.

"अच्छा. आणि तू टेबलावर नसलीस तर फाईल कोण हलवणार?"

"मी आहे ना काकू! तुम्ही मेसेज करा, मी पाच मिनिटांत बदलते."

त्यांनी वाद घातला नाही.

पुढच्या मे महिन्यात मी मामेबहिणीच्या लग्नाला नाशिकला गेले. हळदीच्या गडबडीत काकूंचा मेसेज आला: "सेक्टर बाराचे जोशी उद्या गावी चाललेत. त्यांची जागा काढून टाक." मी "हो" लिहिलं आणि साफ विसरले.

दोन दिवसांनी लातूरकडचं एक जोडपं आठ वर्षांच्या मुलीला घेऊन थेट जोशींच्या दारात आलं. वेबसाइटवर 'जागा आहे' असं दिसत होतं. मुलीच्या हृदयाला छिद्र होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भरती करायचं होतं. दाराला कुलूप. भर दुपारी तिघं सोसायटीच्या गेटपाशी बसून राहिली. मुलीला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा गार्डनं तिच्या वडिलांच्या फोनवर वेबसाइट उघडून काकूंचा नंबर शोधला आणि फोन लावला. काकू रिक्षा करून गेल्या, तिघांना घरी घेऊन आल्या, डॉक्टरला बोलावलं.

हे मला परतल्यावर कळलं. मी धावत द्वारकेला गेले. मुलीची आई काकूंच्या स्वयंपाकघरात रुग्णालयातल्या डब्यासाठी पोळ्या लाटत होती. मी तिची माफी मागितली आणि मलाच रडू फुटलं. तीच बिचारी मला पाणी द्यायला उठली.

काकू मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेल्या. "तुझी चूक नाही, असं मी म्हणणार नाही. पण एवढं काम तुझ्या एकटीवर टाकलं, ती चूक माझी. रडून झालं असेल तर कागद घे."

मग त्यांनी मला एकेक प्रश्न विचारला. सीएमएस बंद पडली तर कोण बघणार? मी. मी नसले तर? ती चालवता बऱ्याच जणांना येते, दुसरी कोणी मिळेल. काम वाटून घेणाऱ्या प्रत्येकीला वेगळा पासवर्ड देता येतो? येतो. कोणीतरी चुकून सगळंच पुसलं तर?

"तसा अधिकारच द्यायचा नाही. जिनं फक्त जागा बदलायच्या, तिला तेवढंच दिसेल."

काकूंचे डोळे चमकले. "अरे, मग हे तर बिल्कुल आमच्या ऑफिससारखं! आणि अपडेट?"

"महिन्यातून एकदा. मी करेन."

"मग महिन्यातून एकदा ये. जेवूनच जायचं."

मी माझी सहा पानं काढून टाकली आणि सीएमएस बसवली. काकू मराठी टंकलेखन शिकल्या आणि मग त्यांनी यादीतल्या घरांमधल्या आणखी चौघींना शिकवलं. त्या मुलीचं ऑपरेशन नीट झालं. घरी जाण्याआधी तिनं सोफ्यावर बसून काकूंना फोनवर 'ज्ञ' कसा लिहायचा ते दाखवलं.

यंदा काकू भावाकडे सोलापूरला कायमच्या निघाल्या. सामान बांधून झाल्यावर मला म्हणाल्या, "माझं नाव त्यातून काढ. जी नाही, तिचा पासवर्ड कशाला?" मी बटण दाबलं तर सीएमएसनं विचारलं, या व्यक्तीनं लिहिलेला मजकूर पुसायचा की दुसऱ्या कोणाच्या नावे करायचा? माझ्या नावे घेऊ का, असं मी हळूच विचारलं.

"तू उद्या बंगळूरला जाशील. सुनंदाच्या नावे कर. ती इथेच आहे."

सुनंदाताई त्या चौघींपैकी एक. काकूंची इतक्या वर्षांची पानं मी त्यांच्या नावे केली. तेवढ्यात काकूंना स्वतःच्या फोनवर एका पत्त्यात चूक दिसली. सवयीनं मी लॅपटॉप ओढला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि सुनंदाताईंना फोन केला. आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. थोड्या वेळानं काकूंनी पान पुन्हा उघडलं. पत्ता बदलला होता.

"बघ," त्या म्हणाल्या, आणि फोन माझ्यासमोर धरून कितीतरी वेळ हसत राहिल्या.