नवरात्रात उघडलेली जखम

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे बदलताना मला ब्राच्या आतल्या पट्टीवर पिवळसर डाग दिसला. डाव्या स्तनाखाली, उभे आणि आडवे टाके जिथे एकमेकांना मिळतात, तिथे जखम जराशी उघडली होती. दुखत फारसं नव्हतं. पण देवीला हे ऑपरेशन मान्य नव्हतं, असंच मनात आलं.

स्तन लहान करण्याची ही शस्त्रक्रिया मी हौसेखातर करून घेतलेली नव्हती. मी शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता मान भरून यायची, खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ पडले होते, आणि आमच्या ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात छातीखालची कातडी घामानं सोलून निघायची. औषधं, मलमं, व्यायाम, सगळं करून झालं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी हा उपाय सुचवला, तेव्हा यजमान लगेच हो म्हणाले. सासूबाई मात्र एवढंच बोलल्या, "देवीनं दिलेल्या अंगावर सुरी चालवून घेणार तू?" त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपे गेले. जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळ्या निघाल्या, दुखणं गोळीनं आवरत होतं. सूज होती, निळे-जांभळे डाग होते, मधूनच वीज चमकावी तशी कळ यायची. उशांना टेकून उताणंच झोपायचं, ऑपरेशननंतरची ती खास घट्ट ब्रा रात्रंदिवस घालायची, आणि हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, असं बजावलेलं होतं. त्यामुळे नया बाजारातल्या आमच्या घरी घट सासूबाईंनी एकट्यानं बसवला. मी दारातून बघत होते. जखम उघडल्यावर तर मी देवघराकडे जायचंच सोडलं. वाहती जखम घेऊन देवीसमोर कशी बसू, असं वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी यजमान मला कंपू भागातल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात घेऊन गेले. त्या ऑपरेशनमध्ये अडकल्या होत्या. मी बायकांच्या बाकावर बसून राहिले. मनात देवीला एकच विचारत होते, माझं चुकलं का? डोळे कधी भरून आले ते मला कळलंही नाही.

शेजारी माझ्यापेक्षा मोठी एक बाई होती. मुरारच्या छावणी भागातली, नवरा फौजेतून निवृत्त झालेला. तिनं हळूच विचारलं, "क्या हुआ, बहन?" मी अनोळखी माणसाशी असं कधी बोलले नसते, पण त्या दिवशी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मेरा भी यही ऑपरेशन हुआ था, पिछले साल। मेरा भी ठीक इसी जगह खुला था। पट्टी होती रही, अपने आप भर गया। बुखार है? बदबू? लाली फैल रही है?" मी नाही म्हटलं. "तो फिर डरो मत। शरीर को थोड़ा समय दो। और माता किसी को दर्द ढोने के लिए नहीं कहती।"

इतक्यात दवाखान्यातली मदतनीस त्या बाईचं कार्ड बघून म्हणाली, "आपकी तारीख तो कल की है।" मुरारची बाई कपाळावर हात मारून हसली. "पता नहीं आज कैसे निकल आई," म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलंच. डॉक्टरीणबाईंनी नंतर जखम तपासून अगदी तेच सांगितलं. पट्टी बदलत राहा, भरून येईल.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. मी देवघरात का येत नाही, तेही. त्यांनी हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी बोलले ते भीतीपोटी गं. तुला काही झालं असतं तर?" उठून त्यांनी पाट मांडला. "चल, बस इथं. लेकरू जखम घेऊन आईपाशी नाही येणार, तर जाईल कुठं?"

त्या माझ्यामागे बसल्या. मला हात वर करता येत नव्हते, म्हणून आठवडाभर तशाच राहिलेल्या केसांतला गुंता त्यांनी सोडवला, तेल लावलं, वेणी घातली. समोर घटातलं धान्य नुकतं ओलावून फुगलं होतं. मी काहीच करत नव्हते. जप नाही, आरती नाही. इतकी वर्षं मी देवीची सेवा करत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच सासूबाईंच्या हातांनी देवीच माझी सेवा करते आहे, असं वाटलं. मी मुकाट्यानं रडले. सासूबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

जखम सावकाश भरली. मान आता दुखत नाही, व्रण फिके पडत चालले आहेत. डाव्या बाजूला थोडी जागा अजून बधिर आहे. तिथली जाणीव परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पूर्वी मी त्यासाठी नवस बोलले असते. आता आंघोळीच्या वेळी तिथं हात ठेवते, मनातल्या मनात "आई, हे अंग तुझं, तूच बघ" म्हणते, आणि कामाला लागते.